सहा कोनांचा दाणा

आमच्या आक्काला दिवसाउजेडी पाणी पिताना मी फार कमी वेळा पाहिलं. हे मला उमगलं ते लई उशिरा. तेव्हा ती डोळ्यांसमोर होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला कडेवर घेऊन गावभर फिरलेली. आणि मी असा शहाणा, की ती जेवली का एवढंही कधी विचारलं नाही, मग पाण्याचं कुठलं विचारतोय! भाऊ लोकांचं असंच असतं. बहीण सासरी निघाली की दोन टिपं गाळायची, झालं कर्तव्य.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, ढोकीच्या वाटेवर. घर लिंग बांधणाऱ्यांचं. प्रत्येकाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. सकाळी अंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळव्यावर लिंग ठेवून पूजा, आणि मगच तोंडात काही घालायचं. तोवर पाण्याचा थेंबसुद्धा नाही, असा नियम. आता नियम सगळ्यांना सारखा, पण तो पाळायचा बायकांनी. आम्ही बाप्ये आधी चहा ढोसायचो आणि मग देवाकडं वळायचो. अव्वा, म्हणजे आमची आई, आणि आक्का मात्र आधी घरात पाणी भरायच्या, सगळ्यांच्या अंघोळी काढायच्या, शेवटी उरलेल्यात स्वतः न्हायच्या, आणि पूजा झाल्यावर घोटभर पाणी प्यायच्या. उन्हाळ्यात हे सगळं होईस्तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं.

बहात्तरच्या दुष्काळात आक्का सोळा-सतरा वर्षांची होती. तलावाचं काम निघालं होतं तिथं ती खडी फोडायला जायची. कामावर पाण्याची एक टाकी ठेवलेली असायची. गडी मनसोक्त प्यायचे, बायका ओठ ओले करून परत हातोडी धरायच्या. त्याच उन्हाळ्यात तिच्या कमरेत पहिल्यांदा कळ आली. घरी आली ती भिंतीला धरून. लघवीला जळजळ होते म्हणाली. अव्वा म्हणाली, "उन्हाळी लागलीय, दुसरं काय." मडक्यात धणे-जिरे भिजवून ते पाणी चार दिवस तांब्या-तांब्यानं पाजलं, आणि आक्का बरी झाली. सगळ्यांनी धण्याचं कौतुक केलं. गुण पाण्याचा होता हे कळायला मला पुढं दहा वर्षं आणि एक डिग्री लागली.

दुष्काळ सरला आणि आक्काचं लग्न झालं. सासर अणदूरच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव कानडी बोलतं अशा ठिकाणी. घर चांगलं होतं. दाजी शांत माणूस, सासू तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. मी इकडं शिकलो, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो, आणि सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटलो. घराण्यातला पहिला पगारी माणूस. अव्वानं गावभर पेढे वाटले. आक्कानं सासरी गूळ-शेंगदाणे वाटले असं नंतर कळलं.

कारखान्यात मला खरं शिकवलं ते पॅनमननं. पॅन म्हणजे उसाचा पाक आटवायचं दोन मजली उंच भांडं, आणि पॅनमन म्हणजे त्या पाकात साखरेचा दाणा बसवणारा माणूस. आमचे पॅनमन पन्नाशीचे, सातवी शिकलेले. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला, वयानं लेकासारख्या पोराला, साहेब म्हणायचे. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घेऊन तो दिव्यासमोर धरायचे आणि आत काय चाललंय ते मला सांगायचे.

"साहेब, दाणा आपण करत न्हाय," ते म्हणायचे. "आपण फकस्त पाणी कमी-जास्त करायचं. पाण्याला जेवढं पेलतंय तेवढं ते पोटात ठेवतंय. पेलंना झालं की आतली साखर एकमेकीला धराय लागती. आन् धरती ती अशी, की दर दाण्याला त्याच जागी कोपरा."

मधेच पाकात नको तिथं बारीक दाणा उठायचा. त्याला ते खोटा दाणा म्हणायचे. तो उठला की सगळ्या पॅनची माती. त्यावर मामांचा एकच उपाय होता. "पाणी पाजा त्याला," म्हणायचे. गरम पाणी सोडलं की खोटा दाणा विरून जायचा. प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकाची जुनी नळी माझ्या ताब्यात होती. दाण्याचा चौकोन कसा भरतो, कडा कशा येतात, हे तासन्‌तास बघत बसायचा मला नादच लागला.

नोकरी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी आक्का येळवसेला माहेरी आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या भागातला सण. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रान माणसांनी भरतं. शेतात कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा मांडायची, भज्जी, उंडे, आणि मडकंभर आंबील. त्या साली ज्वारी पुरुषभर वाढली होती. आक्का आंबील प्यायला बसली ती उठेचना. एक पेला झाला, दोन झाले, पाच झाले. मी म्हणालो, "आक्का, मडक्यात उतरतीस का काय आता?"

ती हसून म्हणाली, "आरं, आज ज्वारी उभी हाय की चोहीकडं." मला काही कळलं नाही. बायकांचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून दिलं.

जेवणं झाल्यावर तिनं मला बाजूला बोलावलं आणि विभूतीची रिकामी डबी हातात दिली. आत मधाच्या रंगाचे चार-पाच खडे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि थोडी रेव. ती खाली मान घालून बोलली. लघवीतनं पडलेत म्हणाली. पडताना जीव जातो म्हणाली. सासरी कुणाला दाखवायची लाज वाटते. "तू शिकलाईस, तुझ्याकडं यंत्र हाय. बघ काय हाय ते. लई भ्या वाटतं मला." मग सकाळी एक बाटलीही दिली, फडक्यात गुंडाळून. एसटीत ती बाटली मांडीवर घेऊन मी कारखान्यावर आलो. शेजारच्या बाईनं विचारलं, काकवी का? मी व्हय म्हणालो.

त्या बाटलीतला तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला, नळीला डोळा लावला, आणि खरं सांगतो, माझं भानच हरपलं. सहा कोन. सहा सरळ बाजू. काचेच्या पातळ फरश्या पडाव्यात तशा एकावर एक, लहान-मोठ्या, पण प्रत्येकीला सहाच कोन. हंगामभर मी हजारो दाणे पाहिले होते, त्यात मोडके होते, जोडके होते, बोथट होते. इतका नेमका दाणा एकही नव्हता. हे माझ्या बहिणीच्या अंगातून, जीव जाईल अशा कळांनी बाहेर पडलंय, हे मी त्या घडीला साफ विसरलो. धावत जाऊन मामांना बोलावून आणलं.

मामांनी बराच वेळ बघितलं. "ह्यो दाणा कुणी बसवला?"

"सोलापूरहून नमुना आलाय," मी थाप मारली.

मामांनी काय केलं, पट्टीवर गरम पाण्याचा थेंब सोडला. साखर असती तर बघता बघता विरली असती. फरश्या तशाच राहिल्या. दुसरा थेंब सोडला. तशाच. मामांनी मान वर केली आणि म्हणाले, "दिसाया देखणा हाय, पर लई हट्टी हाय. पाण्याला दाद देत न्हाय. साहेब, ह्याला पाणी पायजे, घागरीनं पायजे. न्हायतर ह्यो पॅन बंद पाडंल."

मी हसलो. ते सातवी, मी बीएस्सी.

मग मी माझी विद्या पाजळली. साखर तपासायचं निळं द्रावण आमच्याकडं असायचं. साखर असली की उकळल्यावर ते विटकरी होतं. आक्काच्या लघवीत ते घातलं, उकळलं. निळंच राहिलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आम्हा साखरवाल्यांना जगात एकच रोग ठाऊक, साखरेचा. तो नाही म्हणजे काहीच नाही! पुरतं बघावं म्हणून खड्याची चिमूट पत्र्यावर जाळून पाहिली. गंधकाचा वास आला. पण कारखान्यात रस स्वच्छ करायला गंधक रात्रंदिवस जळायचं, वारा तिकडूनच आला असेल म्हणून मी नाक पुसलं. आणि त्याच दुपारी आक्काला कार्ड टाकलं: "तपासणी केली. साखर अजिबात नाही. काळजीचं काही कारण नाही."

काचपट्टीवर दुसरी पट्टी चिकटवून ती मी जपून ठेवली. देखणी होती ना!

पुढं दोन वर्षं आक्काची काही तक्रार आली नाही. येणार तरी कुठून? दोन वर्षांनी दाजींचा निरोप आला तो थेट सोलापूरच्या दवाखान्यातून. ताप, थंडी, शुद्ध नाही. मी पोचेपर्यंत ऑपरेशन झालं होतं. एका मूत्रपिंडात सुपारीएवढा खडा अडकून आत पू झाला होता. ते मूत्रपिंडच काढून टाकावं लागलं.

बाहेर बाकावर सासू बसली होती. मला बघून ती कावली नाही, नुसतं म्हणाली, "कार्ड मास्तरांकडून वाचून घेतलं होतं बाबा आमी. तसबिरीमागं ठेवलं होतं. पोरगी कळवळली की म्याच म्हणायची, तुझ्या भावानं लिवलंय न्हवं, काय न्हाय म्हणून." त्यापेक्षा तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. मी प्रयोगशाळेत काम करतो म्हटल्यावर मला आत घेऊन गेला, सूक्ष्मदर्शकापाशी नेलं आणि म्हणाला, "बघा." मी डोळा लावला. सहा कोन.

"हे मी पाहिलंय," मी म्हणालो.

"कुठं?"

"साखर कारखान्यात."

त्याला वाटलं, मी हादरलोय. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. याला सिस्टीन म्हणतात. प्रत्येकाच्या अंगात असतं, अन्नातून येतं, त्यात गंधक असतं. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड ते गाळून परत रक्तात घेतं. काहींचं जन्मतःच घेत नाही, ते लघवीत उतरतं. उतरायला हरकत नाही, पण ते पाण्यात फार थोडं विरघळतं. शेरभर पाणी दोन शेर साखर पोटात घेतं, हे मला माहीत होतं. याची चिमूटही तांब्याभर पाण्याला जड जाते. पाणी कमी पडलं की त्याचे कण एकमेकांना धरायला लागतात. कुणी रचत नाही, कुणी सांगत नाही. प्रत्येक कण आपसूक नेमक्या जागी जाऊन बसतो, सहा कोनांची फरशी होते, फरशीवर फरशी चढते, आणि खडा होतो. हे दोन वर्षांपूर्वी कुणाच्या नजरेला पडलं असतं तर मूत्रपिंड वाचलं असतं, असंही तो म्हणाला. मी मान हलवली. मग तो म्हणाला, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. मी तिथंच बाटली दिली. माझी लघवी स्वच्छ निघाली. कधी कुणाला स्वच्छ लघवीची लाज वाटली असेल का? मला वाटली.

औषध काय, तर पाणी. दिवसभरात आठ-दहा तांबे, तासातासाला, झोपेतून उठून एकदा, सोबत चिमूटभर खायचा सोडा. दुसरं मूत्रपिंड वाचवायचं तर एवढंच करायचं होतं. आक्का शुद्धीवर आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती वाळलेल्या ओठांनी म्हणाली, "एक लिंग गळ्यात, एक पोटात. पूजा तरी किती करू रे मी?" अव्वानं "शिवा शिवा" करत तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि मग दोघीही हसल्या. मी बाहेर जाऊन रडलो.

आक्काला पाणी प्यायला लावायचं, हे मी आता जन्माचं काम धरलं. पहिला अडसर पूजेचा. आक्का म्हणाली, लिंगपूजा झाल्याशिवाय घोट घेणार नाही, मेले तरी. तेव्हा मी सायकल काढली आणि आमच्या अय्यांकडं गेलो. अय्या म्हणजे आमच्या घराचे गुरू, लग्नापासून मयतापर्यंत सगळं त्यांच्या हातून व्हायचं. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "शिवाला तहानलेली बाई कशाला पाहिजे? ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, विभूती लावायची, लिंग हातावर घ्यायचं, की झाली पूजा. मग पाणी प्यायचं. मी सांगितलंय म्हणून सांग." एवढ्यानं काम होईल असं वाटलं नव्हतं. आक्कानं ते मानलं. सासूनंही मानलं. सुनेच्या उशाशी तांब्या ती स्वतः भरून ठेवायला लागली. आक्काची लेकरंही मी तपासली, दोन्ही स्वच्छ निघाली. तीनेक वर्षं बरी गेली. दर दोन-तीन महिन्यांनी मी जायचो, बाटली आणायचो, नळीखाली बघायचो. कधी एखादी फरशी दिसायची, कधी तीही नाही. मामा म्हणायचे, "पाजलं का न्हाय पाणी? मी काय म्हणलो होतो?" मी कान धरायचो.

मग पंच्याऐंशीच्या पुढं पावसानं डोळे वटारले. एक साल गेलं, दुसरं गेलं. आक्काच्या गावची विहीर आटली, टँकर यायला लागला. पण दाजी आणि सासू शब्दाला जागणारी माणसं. आक्काचा हंडा वेगळा ठेवायचे, त्याला लेकरांना हात लावू द्यायचे नाहीत. तरी बाटलीत फरश्या वाढत होत्या. गेलो की मी चिडायचो, "पितेस का नाही?" ती म्हणायची, "पिते की." एकदा मी दिवसभर तिच्या घरी ठाण मांडून बसलो. हंडा सकाळी जेवढा होता तेवढाच दुपारी होता. अंधार पडल्यावर ती दोन तांबे घटाघटा प्यायली.

मी तडकलोच. "दिवसा का पीत नाहीस?"

तिनं माझं मनगट धरलं आणि मला परसदारी नेलं. समोर रान पसरलं होतं, नुसती उघडी माती. पार क्षितिजापर्यंत पिकाचं एक ताट नाही, एक झुडूप नाही. दूरवर एक शेळी चालली होती ती सुद्धा दिसत होती.

"पाणी पिलं की जावं लागतं," ती म्हणाली. "जाऊ कुठं? ज्वारी कुठं हाय?"

तेव्हा मला ती येळवस आठवली. पाच पेले आंबील आणि चोहीकडं उभी ज्वारी. हे सांगायला तिनं किती वर्षं काढली, आणि मी तिला कायकाय शिकवत बसलो होतो! पाण्याचं गणित, सोड्याचं गणित, कणांचं गणित. बाई दिवसा कुठं जाते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी बाजारातून पत्रे विकत घेतले, ट्रॅक्टरवर टाकून नेले आणि दाजींच्या मदतीनं परसात खड्डा घेऊन आडोसा उभा केला. गावातला तो पहिलाच असेल. आक्का लाजली, पण डोळे पुसून म्हणाली, "आता पिते बघ हंडाभर." त्या महिन्याची बाटली जवळजवळ स्वच्छ होती. मामांना मी पेढा दिला.

नंतर हंगाम जोरात होता म्हणून दोन महिने जायला जमलं नाही. गेलो तेव्हा चैत्र लागला होता. परसात आडोसा नव्हता. पत्रे गोठ्यावर होते. गोठ्याचं छप्पर, कडबा, सगळं जनावरांना खायला घालून संपलं होतं, आणि बैलजोडी उन्हात बसत नव्हती, कोसळत होती. पत्रे आक्कानंच काढून दिले होते. कुणी मागितले नव्हते.

"मुकी हाईत रे ती," ती म्हणाली. "आन् चार महिन्यांचा तर परश्न हाय. पाऊस पडला की ज्वारी यील."

माझा जो काही ताबा सुटला! सासू, दाजी, लेकरं, सगळ्यांसमोर मी ओरडलो. बैलांना पत्रे आणि तुला काय? तुझ्यासाठी मी अय्यांचे पाय धरले, पत्रे आणले, आणि तू? शेवटी म्हणालो, "मर मग तशीच तहानेनं." असं म्हणालो मी. ताट वाढलेलं होतं, ते तसंच सोडून एसटीच्या थांब्यावर गेलो. ती मागं मागं वेशीवरच्या चिंचेपर्यंत आली होती म्हणे. मी वळून बघितलं नाही. राग हा माझा जुना सोबती, त्यानं मला कधी काही मिळवून दिलं नाही, पण त्या दिवशी तो जे घेऊन गेला ते परत आलं नाही.

मृगाच्या आधी निरोप आला. तोच दवाखाना, डॉक्टर दुसरा. आक्काचं तोंड सुजलं होतं, पाय सुजले होते. राहिलेलं एकुलतं मूत्रपिंडही खड्यानं बंद पडलं होतं, आणि खडा काढूनही ते चालू झालं नव्हतं. रक्त साफ करायची यंत्रं पुण्या-मुंबईला आहेत, पण त्या प्रवासात ती टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. आणि मग म्हणाला, "पाणी द्यायचं नाही. दिवसाला दोन फुलपात्रं, तीही घोट घोट. लघवी होत नाही, दिलेलं पाणी फुप्फुसात चढेल."

ज्या बाईला पाणी पाजायला मी चार-पाच वर्षं जंग जंग पछाडलं, तिला आता पाणी द्यायचं नाही. आणि वॉर्डाच्या बाहेर नळ होता. त्याची तोटी बिघडलेली, दिवसरात्र वाहायचा.

दुपारी दाजी चहाला गेले तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. देखण्या दाण्याचं, मामांनी गरम पाण्याचा थेंब सोडला त्याचं, घागरीनं पाणी पाहिजे म्हणाले आणि मी हसलो त्याचं, गंधकाच्या वासाचं, कार्डाचं. आणि चैत्रात बोललो त्याचं. म्हणालो, "आक्का, मारलं मी तुला."

तिनं माझा हात शोधून धरला. "खुळा हाईस," म्हणाली. "तुझं कार्ड आलं न्हवं, तवापासून दोन वरीस मी निवांत झोपले बघ. भ्याच गेलं होतं माझं." मग म्हणाली, "नळ वाजतोय न्हवं?"

"हं."

"संडास बी हाय म्हणं इथं. दाराला कडी हाय." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आता समदं हाय की रं. दे तांब्याभर."

मी दिलं नाही. फडकं ओलं करून तिच्या ओठांवर फिरवलं. तिनं ते दातात धरून चोखलं. मी फडकं ओढून घेतलं. डॉक्टर म्हणाला होता ना! आयुष्यात एकदा माझी अक्कल चालवली तेव्हा चुकलो होतो, म्हणून आता दुसऱ्याच्या अकलेनं चाललो. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का गेली. तांब्याभर पाण्यानं ती एक दिवस आधी गेली असती, असं म्हणतात. गेली असती तर गेली असती. तहानलेली तरी गेली नसती.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच मातीत ठेवतात. सासरच्या गावी आणून तिला अंगणात भिंतीशी बसवलं. कपाळाला, दंडाला विभूती लावली, लिंग तळव्यावर ठेवलं. अय्या आले होते. त्यांनी तांब्यातलं पाणी मंत्रून तीर्थ केलं आणि म्हणाले, एकेकानं एक पळी तिच्या मुखी घाला. सासूनं घातली, दाजींनी घातली, अव्वानं घातली, दोन्ही लेकरांनी घातली. जिवंतपणी जिला पाजता आलं नाही तिला आता सगळे ओळीनं पाजत होते.

माझी पाळी आली. मी पळी खाली ठेवली आणि तांब्याच उचलला. तिची हनुवटी धरून ओठांशी लावला आणि ओतत राहिलो. पाणी हनुवटीवरून गळ्यात, छातीवर, लुगड्यावर आलं. अय्या म्हणाले, "बाळा, एक पळी बास." मी ऐकलं नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा मी तो पुढं करून म्हणालो, अजून द्या.

कुणी दिलं नाही. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता.